बालकादंबरीतले वास्तव विषयात नसते

महोदय,

आपल्या पुरवणीत बालकादंबऱ्यांची परीक्षणे प्रसिद्ध होतात, याचे समाधान वाटते. मात्र कादंबरीत गरिबी, घटस्फोट, आजार किंवा मृत्यू आला की तिला लगेच ‘वास्तववादी’ ठरवले जाते, ही घाई मला खटकते. विषय कितीही खरा असला तरी कादंबरी खोटी वाटू शकते. मुलाच्या हातात काय असते आणि काय नसते, याचे भान लेखकाने शेवटच्या पानापर्यंत राखले आहे का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मुलाकडे स्वतःचे पैसे नसतात, न विचारता त्याला कुठे जाता येत नाही, आणि घर, शाळा, गाव यांतले काहीच त्याने निवडलेले नसते. दहा वर्षांचा नायक रात्रभर चोरांच्या मागावर हिंडतो आणि घरी कोणी त्याची वाटही पाहत नाही, असे लिहिलेले असले की बालवाचकाचा विश्वास तिथेच उडतो, कारण त्या बंधनांत तो रोज जगत असतो. म्हणून ‘हे मूल मोठ्यांना का सांगत नाही?’ हा बालकादंबरीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि बहुतेक लेखक आईवडिलांना परगावी पाठवून त्यातून सुटका करून घेतात.

एरिश केस्टनर यांनी १९२९ च्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज’ या मूळ जर्मन कादंबरीत या प्रश्नाला दिलेले उत्तर आजही अभ्यासण्यासारखे आहे. बर्लिनला निघालेल्या एमिलचे १४० मार्क आगगाडीत चोरीला जातात, पण तो पोलिसांकडे जात नाही, कारण त्याने गावातल्या पुतळ्याचे नाक लाल रंगवलेले असते आणि त्यासाठी आपल्यालाच पकडतील अशी त्याला धास्ती असते. मोठ्यांना हे कारण क्षुल्लक वाटेल. त्या वयात ते डोंगराएवढे असते. शिवाय ते पैसे आईने लोकांचे केस धुऊन, विंचरून मिळवलेले आहेत हे आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे त्या रकमेचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी चोरी सिद्ध होते तीही नोटांना पडलेल्या टाचणीच्या भोकांवरून, आणि ती टाचणी पैसे हरवू नयेत म्हणून एमिलनेच कोटाच्या अस्तरात टोचलेली असते. सगळी मुले पाठलागाच्या धामधुमीत असताना एका लहानग्याला मात्र निरोपांसाठी घरी टेलिफोनजवळ बसून राहावे लागते. मला तर या कादंबरीतला सर्वांत खरा मुलगा तोच वाटतो.

‘हे प्रत्यक्षात घडले आहे’ हा बचावही पुरेसा नसतो. कॅथरीन पॅटरसन यांच्या मुलाची एक छोटी मैत्रीण वीज पडून गेली. त्या दुःखातून त्यांनी १९७७ ची ‘ब्रिज टू टेराबिथिया’ लिहिली, पण कादंबरीतली मुलगी ओढ्यावरचा झोक्याचा दोर तुटून मरते. प्रत्यक्ष जीवनात वीज कारणाविना कोसळते आणि आपल्याला ते मान्य करावे लागते. कादंबरीत तशीच वीज पडली असती तर लेखिकेचा हात दिसला असता. त्या दोरावरून मात्र वाचकाने मुलांबरोबर अनेकदा ओढा ओलांडलेला असतो, पावसाने चढत गेलेले पाणीही पाहिलेले असते, त्यामुळे तो मृत्यू पटतो आणि अधिक लागतो.

भाषेबद्दल थोडक्यात सांगतो. दुःखी मूल आपल्या दुःखाचे विश्लेषण करीत नाही. ते दप्तर आपटते, जेवायला नको म्हणते किंवा भलत्याच गोष्टीवरून भांडते. असे असूनही आपल्या अनेक बालनायकांच्या तोंडी समुपदेशकाची वाक्ये असतात. शेवटाबाबतही हीच तक्रार आहे. नायकाच्या एका पत्राने वडिलांचे दारूचे व्यसन सुटणे हे वास्तव नव्हे, आणि ज्या मुलाच्या घरी ते सुटलेले नाही त्याच्या मनात यातून आपणच कमी पडलो अशी भावना निर्माण होते, हे मला फार गंभीर वाटते. मुलाला एखादे खोटे कबूल करता येते, तुटलेली मैत्री जोडता येते किंवा मदत मागता येते, आणि एवढ्यावर थांबणारी कादंबरी लिहिण्याचे धैर्य लेखकाने दाखवले पाहिजे.

परीक्षकांनी या बाबी तपासाव्यात, आणि शक्य झाल्यास प्रत्येक परीक्षणासोबत त्या वयाच्या एखाद्या वाचकाला कुठे विश्वास बसला नाही, हे त्याच्याच शब्दांत छापावे, अशी आपल्याला विनंती आहे.

आपला,
एक वाचक