बावड्यातल्या पेट्या आणि आमचे मामा

ती. मामांस, सा. न.

मोबाइलवरचं तुम्ही काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तुमची नात वाचून दाखवेल. तोंडावर आभार मानले असते तर "गप बस पोरी" म्हणून विषय बदलला असतात, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय.

कसबा बावड्यात शेजारच्यांच्या शेवग्यावर सातेरी मधमाश्यांचा थवा येऊन बसला, तेव्हा गल्लीतून फवारणीवाल्याला फोन गेलाही होता. तुम्ही लक्ष्मीपुरीत मध द्यायला आलेला. दुकानदाराने सांगितलं आणि टेम्पो तसाच बावड्याला वळवलात. आल्या आल्या पहिलं काय केलंत, तर मला त्या फवारणीवाल्याला चहा द्यायला लावलात! मग गर्दीकडे वळून म्हणालात, "पोट भरून निघाल्यात त्या. राखायला घर न्हाई, पिल्लं न्हाईत. कुणाला कशाला चावतील?" जुनी राणी निम्म्याअधिक कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि निघण्याआधी त्या मध पिऊन घेतात, हे मी पुढे वाचलं. त्या दिवशी मात्र तुमचा उघडा हात बघूनच माणसं गप्प झाली.

घोसावर दोन-चार माश्या अंग थरथरवत फिरत होत्या, त्या तुम्ही मला दाखवल्यात. "ह्या घर बघून आल्यात. त्यांचं ठरायच्या आत आपलं घर दावाय पायजे." माशीच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल मिळालं. तुम्हाला ती भाषा भुदरगडच्या रानात कुणी शिकवली, ते कधी सांगितलं नाहीत.

टेम्पोत दुरुस्तीहून आणलेली जुनी पेटी होती, मेणाचा वास मुरलेली. ती फांदीखाली धरून एकच हिसका दिलात. निम्म्या माश्या धपकन आत, बाकीच्या हवेत. माझा जीव वर-खाली, आणि तुम्ही खुशाल कट्ट्यावर बसून तंबाखू मळताय. थोड्या वेळाने दारावर काही माश्या शेपटाकडची बाजू वर करून पंख हलवायला लागल्या. "राणी आत हाय. आता ह्या बाकीच्यांना बोलवत्यात." अंधार पडून उरलेल्या आत येईपर्यंत पेटी कुणाला हलवू दिली नाहीत. मग राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला राणी-जाळी लावलीत आणि बजावलंत, पोळं बांधायला लागल्या की लगेच काढायची. थव्यात कधी कोवळी राणीही असते. तिला नरांशी मीलनासाठी बाहेर उडावं लागतं आणि ती जाळीत अडकली तर सगळी पेटीच हातची जाते.

पण खरे आभार मानायचे आहेत ते पेटीच्या दारापाशी बसायला लावलंत त्याबद्दल. हौशी माणसाला पेटी सारखी उघडून बघायची हुक्की येते. तुम्ही म्हणालात, आधी दार बघ. पायाला परागाच्या गोळ्या लावून माश्या लगबगीने आत शिरत असतील तर आत पिल्लं आहेत. नुसत्याच घुटमळत असतील तरच उघड. आणि उघडलीस तरी राणी हुडकत बसू नकोस, पोळ्याची चौकट उन्हाकडे तिरकी धरून घरांच्या तळाशी अंडी बघ. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे अंडं दिसलं की तीन दिवसांत राणी तिथं येऊन गेली. माझं निम्मं काम याच्यावर चालतं.

पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबायला लागली की थवा सुटायची वेळ आली, हेही तुमच्याकडूनच कळलं. सातेरीच्या नरांच्या बंद घरांच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असतं, ते भिंगाशिवाय दाखवलंत. चष्मा तुम्ही लावत नाही आणि मी लावते, हे इथं नोंदवून ठेवते.

कोल्हापूरचा पावसाळा मात्र माझा मलाच काढावा लागला. माश्यांना साखरेचा पाक, पेटी ठेवायच्या घोडीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या आणि मेणकिडा लागू नये म्हणून रिकामी पोळी काढून ठेवणं. फोनवर तुम्ही एवढंच म्हणायचा, "पाक सांजच्याला दे, सांडू नको." दिवसा ठेवला किंवा सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात, हे कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं.

आणखी एक. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं तेव्हा लोक तुम्हाला पैसे द्यायला तयार होते. ते पेटीत राहत नाही, हंगाम संपला की आपणहून जातं, तोवर खाली धूर करू नका, दगड मारू नका, एवढं सांगून तुम्ही निघून गेलात. आमच्या गल्लीला हे पटलं नाही. तरी कुणी हात लावला नाही, कारण सांगणारे तुम्ही होता.

तुमचं पाटगाव आता 'मधाचं गाव' म्हणून गाजतंय. पाहुण्यांना माहिती देण्यात तुमचा वेळ जात असेल. तरी दिवाळीनंतर एकदा बावड्याला या. एक पेटी माश्यांनी भरून वाहतेय, तिची वाटणी करायची आहे आणि ती तुमच्यासमोरच करायची आहे. येताना रिकाम्या दोन पेट्या आणा. पैसे या वेळी घ्यावेच लागतील, नाहीतर नातीच्या खात्यावर परस्पर टाकीन. मामींना नमस्कार.

तुमची,
बावड्याची पोरगी