‘गरज लागेल तेव्हा लावतो’ इथेच घोटाळा आहे

महोदय,

३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाच्या आसपास कानाच्या तपासणीवर बरेच छापून येते. कान तपासा, वेळेत श्रवणयंत्र घ्या, असे सांगून लेख संपतो. आम्हा ऑडिओलॉजिस्टांची, म्हणजे श्रवणतज्ज्ञांची, डोकेदुखी त्यानंतर सुरू होते, कारण घेतलेले यंत्र डबीतच राहते. विचारले की उत्तर ठरलेले: ‘वापरतो की, गरज लागेल तेव्हा.’

ही ‘गरज’ नेमकी कधी लागते? घरात दोनच माणसे, तिथे भागून जाते. मग यंत्र कानावर चढते ते थेट समारंभाच्या हॉलमध्ये, जिथे स्पीकर, पंखे आणि शंभर जणांच्या गप्पा एकाच वेळी चालू असतात. उत्तम कानाच्या माणसालाही जिथे धड ऐकू येत नाही, तिथे सवय नसलेल्याची काय कथा! दहा मिनिटांत यंत्र खिशात जाते आणि ‘नुसता गोंगाट वाढवते’ हा शिक्का कायमचा बसतो.

ऐकणे मंदावते ते वर्षानुवर्षे, हळूहळू. तेवढ्या काळात पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, पिशवीची चुरचुर मेंदूच्या हिशेबातून निघून गेलेली असते. यंत्र लावल्यावर हे सगळे एकदम परत येते. त्यातले काय सोडून द्यायचे हे मेंदूला पुन्हा शिकावे लागते. त्याला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात, आणि हा सराव घरातल्या साध्या आवाजांवरच होतो. म्हणून सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत यंत्र कानात हवे. सुरुवातीला फारच त्रास झाला तर मध्ये थोडी विश्रांती घ्यावी, पण रोज लावावे. आधी शांत खोलीत एका व्यक्तीशी बोलणे, मग टीव्ही, मग तिघे-चौघे, आणि सभा-समारंभ सर्वांत शेवटी. आंघोळीला जाताना आणि केसांना तेल किंवा रंग लावताना मात्र ते काढलेच पाहिजे.

यंत्र देतानाच सांगायला हवे की स्वतःचा आवाज काही दिवस माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटेल. दोन-तीन आठवड्यांनीही तो तसाच राहिला, तर मोल्डचे (कानाच्या मापाने बनवलेल्या, नळीने यंत्राला जोडलेल्या आणि कानात बसणाऱ्या भागाचे) हवेचे छिद्र मोठे करता येते किंवा सेटिंग बदलता येते. हे ठाऊक नसलेला माणूस यंत्रच बिघडले असे समजतो.

‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रारही खरी असते. वयोमानाने कान जातो तो आधी बारीक, उंच पट्टीच्या आवाजांना. स्वर ऐकू येतात. स, श, फ, ट यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘सात’ की ‘हात’ ते कळेनासे होते. घरचे लोक अशा वेळी ओरडतात. ओरडल्याने स्वर तेवढे फुगतात, व्यंजने होती तिथेच राहतात. त्यापेक्षा एक-दीड मीटरवर समोर यावे, तोंडावर उजेड असावा आणि जरा सावकाश बोलावे. दुसऱ्या खोलीतून हाक मारून ‘मशीन लावूनही ऐकत नाहीत’ म्हणू नये. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो.

आमच्या व्यवसायातही एक खोड आहे: आम्ही बोलतो फार आणि रुग्णाच्या हाताला काम देत नाही. निघण्यापूर्वी त्याने स्वतः, आरशाविना, तीनदा यंत्र घालून-काढून दाखवले पाहिजे. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या. मोल्डचे टोक आधी कानाच्या भोकात, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, मग मोल्डचा वरचा कोपरा कानाच्या घडीखाली सरकवायचा. हा कोपरा बाहेर राहिला की यंत्र शिट्टी मारते.

मोल्ड नीट बसूनही शिट्टी थांबत नसेल, तर यंत्र कानातून काढून मोल्डचे आवाज बाहेर पडणारे छिद्र अंगठ्याने घट्ट दाबावे. शिट्टी थांबली तर मोल्ड सैल झाला आहे किंवा कानात मळ आहे. चालूच राहिली तर बहुधा नळी तडकली आहे. नळीत पाण्याचे थेंब दिसले तर ती यंत्रापासून सोडवूनच फुंकणीने वाळवावी, नाहीतर ओल थेट यंत्रात ढकलली जाते. सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबावे, कारण हा सेल हवेवर चालतो. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रात्री सेलचे दार उघडे ठेवावे.

नातेवाइकांनी ‘लावता ना?’ असे विचारू नये, ‘हो’च ऐकू येते. सेल मोजावेत. ३१२ क्रमांकाचा सेल दिवसभराच्या वापरात साधारण आठवडाभर टिकतो. एका कानासाठी आणलेले सहा सेलचे पाकीट सहा महिने पुरले असेल, तर यंत्र कुठे आहे ते कळलेच. बहुतेक डिजिटल यंत्रे रोजचे सरासरी तासही नोंदवून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी फेरतपासणीला जाल तेव्हा ती नोंद दाखवायला सांगा, आणि कुठे, कोणाचे बोलणे कळले नाही अशा चार-पाच जागा कागदावर लिहून न्या. ‘नीट ऐकू येत नाही’ एवढ्यावरून सेटिंग बदलता येत नाही. ‘जेवताना नातीचे बोलणे कळत नाही’ यावरून येते.

– एक ऑडिओलॉजिस्ट