पावती हाच परवाना, मग फेऱ्या कशासाठी?

महोदय,

तापीकाठच्या आमच्या लहान गावात जुने धाब्याचे घर उतरवून तिथेच दोन खोल्या बांधायच्या आहेत. जागा १२५ चौरस मीटर. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद व परवानाधारक तंत्रज्ञाने केलेला नकाशा देऊन शुल्क भरले, की ती पावतीच परवानगी मानली जाते. नगरपालिकेत हे सांगितले, तर साहेब फक्त ‘बघू’ म्हणतात. आधी उतारा जुना ठरला, मग मोजणीचा नकाशा हवा झाला, मग घरपट्टीची थकबाकी निघाली. (ती शेजाऱ्यांची होती!) अर्ज ऑनलाइन भरायचा आणि वर त्याची फाईलही घेऊन यायची, हे वेगळेच.

आखाजीला पाया खोदायचा होता. कपाशीचे पैसे आता घरखर्चात चाललेत, छपरावरची माती काढून ठेवली आहे आणि मृग तोंडावर आला. निदान हा नियम कार्यालयाबाहेर फलकावर लावावा, आणि त्रुटी असतील तर सगळ्या एकदाच, लेखी द्याव्यात.

– एक वाचक, जि. जळगाव