कृष्णविवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर नव्हे

महोदय,

कृष्णविवराची बातमी आली की मथळ्यात ‘गिळंकृत’ हा शब्द ठरलेलाच. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातले सॅजिटेरियस ए-स्टार हे कृष्णविवर मात्र वेगळेच चित्र दाखवते. त्याचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके, घटना-क्षितिजाची, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेची, त्रिज्या जेमतेम सव्वा कोटी किमी. एस-२ हा तरुण तारा दर १६ वर्षांनी त्याला फेरी मारतो. मे २०१८ मध्ये तो १२० खगोलीय एककांवर, म्हणजे सुमारे १,८०० कोटी किमीवर आला आणि सेकंदाला ७,७०० किमीच्या आसपास वेगाने सुखरूप निघून गेला. ताऱ्याला धोका नाही. खरी पंचाईत वायूची.

तारे वायूच्या ढगांतून जन्मतात; पण कृष्णविवराजवळच्या ढगाच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त, दूरच्या बाजूला कमी, त्यामुळे तो ताणला जाऊन विस्कटतो. तिथे टिकून, आकुंचन पावून तारा व्हायचे तर नेहमीच्या तारानिर्मितीच्या ढगांपेक्षा घनता हजारो पटींनी जास्त हवी. तरीही केंद्रापासून दीड प्रकाशवर्षाच्या आत जेमतेम ४० ते ६० लाख वर्षे वयाचे भारी तारे आहेत! सर्वांत पटणारे उत्तर असे: बाहेरून आलेला ढग फाटून त्याची तबकडी झाली, ती झपाट्याने थंड झाली, स्वतःच्याच गुरुत्वाने तिचे तुकडे पडले आणि त्यांचे तारे झाले. एस-२ इतक्या आत कसा पोचला, हा वाद वेगळा.

आज कृष्णविवराला वायू मिळतो तो मुख्यतः याच भारी ताऱ्यांच्या वाऱ्यांतून, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरून वेगाने बाहेर पडणाऱ्या वायूतून. त्यातलाही बहुतेक आत न पडता बाहेरच फेकला जातो.

– एक खगोल-अभ्यासक, पुणे