अण्णांचा धुमा

वेंगुर्ला
शनिवार, रात्र

प्रिय बाळ्या,

शिमग्यापासून तुझे दोन फोन मी उचलले नाहीत, त्याची लाज वाटते. आई बरी आहे. माझा गुडघा तसाच.

अण्णांची ती सातेरीच्या भजनाची कॅसेट. आजवर तिच्यातला पखवाज मला नुसता घुमताना ऐकू यायचा. एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर. मी दोष सबवूफरला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरला दिला, 12 इंचीचा 15 इंची केला. घुमणं तेवढं वाढलं. दोष निघाला खोलीचा! माजघर लांबीला 14 फूट; 40 हर्ट्झची लाट 28 फुटांची. अर्धी लाट दोन भिंतींच्या मध्ये नेमकी बसते. तो सूर आणि त्याच्या दुपटीचा 80 खोली सोडतच नाही. आपला जांभा कसला हलतोय, सगळं परत आतच. त्यात माझा सबवूफरचा खोका कोपऱ्यात आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकून, म्हणजे घुमणं सर्वांत जास्त असतं तिथेच.

मग खोकाच खुर्चीच्या जागी ठेवला आणि भिंतीकडेने रांगत ऐकत गेलो. (तू असतास तर तुलाच रांगवलं असतं, तुझे गुडघे धड आहेत.) तुळशीकडच्या खिडकीखाली थाप सुटी ऐकू आली. खोका तिथे नेला, खुर्ची तीन फूट पुढे घेतली.

बाळ्या, अण्णांची डावी थाप आली आणि थांबली. कणीक लावलेल्या धुम्यावर, पखवाजाच्या त्या डाव्या तोंडावर, तळहात ठेवून ते आवाज मिटायचे ना, ते मिटणं ऐकलं मी. टेप बंद करून पडवीत जाऊन बसलो.

सबवूफरचा खोका बंद हवा की भोक ठेवलेला, यावरून चवथीला आपण वेगळ्या पंगतीत जेवलो, तेही आज मिटवतो. बंद खोका खाली एका सप्तकाला 12 डेसिबलने उतरतो, भोकाचा 24ने कोसळतो. आणि लहान खोली खालचे सूर आपणहून उचलून धरते. माजघरात तुझंच बरोबर, बंदच हवा. मांडवात मात्र भोकच हवं, तिथे मी हटणार नाही.

पण एक गोष्ट खाते आहे. हा अण्णांचा धुमा, की मला हवा तसा मी करून घेतलेला? बटण जरा उजवीकडे नेलं की ते तरुण होतात, डावीकडे नेलं की शेवटच्या वर्षातले. आठवणीवर मी किती विसंबू? तू टाळ घेऊन त्यांच्या डाव्या अंगाला बसायचास, तो धुमा तुझ्या मांडीला लागायचा. खरा कोणता ते तूच सांगशील.

बढतीचं कळलं, फार बरं वाटलं. पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

मे महिन्यात ये. सबवूफर आणि मोठे स्पीकर 80च्या आसपास एकमेकांना खातात की भर घालतात, ते फेजच्या खटक्यावर ठरतं; सबवूफरची लाट सुलटी सोडायची (शून्य) की उलटी (180), ते तो ठरवतो. मी तो शून्यावर ठेवलाय. 180 करून बघायचंय, पण एकाने खटका फिरवायचा आणि दुसऱ्याने खुर्चीत बसून ऐकायचं, असं ते काम आहे. खुर्चीत तू बस.

तुझा,
भाऊ