हार्टोग्जच्या प्रमेयातील अटी उलगडून दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

अनेक संमिश्र चलांच्या फलनांचा होलोमॉर्फिक (म्हणजे संमिश्र अर्थाने अवकलनीय राहील असा) विस्तार कोणत्या अटींवर होतो, हे आपण मला एकेका पायरीवर थांबून समजावलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण दाखवलेली वाट इतर विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडावी असे वाटते.

जर्मन गणिती हार्टोग्ज यांचे १९०६ सालचे प्रमेय पाठ असणे सोपे आहे: चले किमान दोन असावीत, प्रांतातून वगळलेला संच संहत (संवृत आणि सीमित) असावा आणि उरलेला भाग संबद्ध (एकसंध, सुट्या तुकड्यांत न विभागलेला) असावा, म्हणजे त्या भागावरचे प्रत्येक होलोमॉर्फिक फलन संपूर्ण प्रांतावर विस्तारते. यातली प्रत्येक अट सिद्धतेत नेमके कुठे काम करते, हा माझा प्रश्न होता. आपण एरेनप्राइस यांची १९६१ सालची सिद्धता निवडलीत, हे मला फार मोलाचे वाटते. वगळलेल्या संचाजवळ फलन गुळगुळीतपणे शून्यावर आणायचे, त्यामुळे होलोमॉर्फिकतेत जी तूट येते ती डी-बार समीकरण (हीच तूट मोजणारे अवकल समीकरण) सोडवून भरून काढायची, आणि त्या समीकरणाची उकल संहत आधाराची (म्हणजे एका संहत संचाबाहेर शून्य असणारी) मिळते ती केवळ चले दोन किंवा अधिक असल्यामुळे. एकाच चलात ही सोय नाही, आणि म्हणूनच तिथे चलाच्या व्यस्ताचा (1/z चा) मूळबिंदूपाशी विस्तार होत नाही. दुरुस्त केलेले फलन आरंभी प्रांताच्या कडेजवळच्या एका विवृत भागातच मूळ फलनाशी जुळते. तिथून ती समानता सर्वत्र नेण्यासाठी संबद्धता लागते.

ही अट सोडली तर काय होते, हे आपण एका ओळीत दाखवलेत: दोन त्रिज्येच्या गोलातून एकक त्रिज्येचे गोलपृष्ठ वगळा, आत शून्य आणि बाहेर एक अशी किंमत द्या. फलन होलोमॉर्फिक आहे, पण विस्तार अशक्य. मला हे उदाहरण सिद्धतेइतकेच सुंदर वाटते.

शेवटी आपण जाता जाता सांगितलेला निष्कर्ष, की दोन किंवा अधिक चलांच्या होलोमॉर्फिक फलनाचे शून्य कधीच एकाकी नसते, मी त्या फलनाच्या व्यस्ताला हेच प्रमेय लावून स्वतः पडताळला. आता फलन केवळ सीमेवर दिलेले असताना स्पर्शदिशेतील कोशी–रीमान अटी (होलोमॉर्फिकता ठरवणारी समीकरणे) पुरेशा कधी ठरतात, ते वाचायला घेतले आहे.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी