उधाण यायच्या आत टेकडीचं खिंडार बुजवायचंय

सस्नेह नमस्कार.

गावातल्या आणि मुंबई-पुण्याला असलेल्या सगळ्या मंडळींना हे आवाहन. पुळणीवरची आपली वाळूची टेकडी मधोमध फुटली आहे. खरं सांगायचं तर ती आपणच फोडली. गाड्या थेट पाण्यापर्यंत नेता याव्यात म्हणून वाट काढली, भरावाला कुणी चार घमेली वाळू नेली, कुणी चाळीस. वाळू धरून ठेवणारी वेल उपटली गेल्यावर मोकळी वाळू वाऱ्यावर उडून जायला कितीसा वेळ लागणार? आज त्या खिंडारातून बैलगाडी सहज जाईल.

गेल्या आषाढात अवसेच्या उधाणाला पाणी तिथूनच आत शिरलं. डावी-उजवीकडची आगरं कोरडी होती आणि खिंडारासमोरच्या आगरात ढोपरभर खारं पाणी. पोफळी पिवळ्या पडल्या. विहीर मचूळ झाली ती दसरा आला तरी सुधारली नाही. त्या घरातल्या काकी अजून पिण्याच्या पाण्याचे हंडे शेजारून आणतात. टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आपल्या विहिरी गोड आहेत. टेकडी गेली की ते गोडं पाणीही जाणार.

पावसाळ्यात खवळलेला समुद्र टेकडीच्या पायथ्याची वाळू ओढून आत नेतो आणि तिथे तिचा बांध होतो. त्यावर मोठ्या लाटा आधीच फुटतात. समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू किनाऱ्याला परत येते. सुकली की वाऱ्याबरोबर वर सरकते आणि कशाला तरी अडून साठते. हे अडवणारं काय, ते एकदा पुळणीवर बसून बघा. मर्यादवेलीचा एक फाटा उचलून पाहा: दर पेऱ्याला मूळ, आपट्यासारखं दुभंगलेलं पान आणि पानाआड मुठीएवढी साठलेली वाळू. वाळू अंगावर आली तरी वेल त्यातून पुन्हा वर येते. समुद्राची मर्यादा राखते ती मर्यादवेल, असं आमची आजी सांगायची आणि गुरांनासुद्धा तिच्यावरून जाऊ द्यायची नाही. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा, हे वाळूतलं काटेरी गवत. त्यांचे काटेरी गोंडे पुळणीवर गडगडत जातात आणि बी टाकत जातात. लहानपणी आपण सगळेच त्यांच्यामागे धावलो आहोत.

धूपप्रतिबंधक बंधारा मागावा, असं बैठकीत काहींचं म्हणणं होतं. त्यांची काळजी खोटी नाही. निसर्ग आणि तौक्ते या चक्रीवादळांनंतर भीती कुणाला वाटत नाही? पण दगडी बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्याचं आगर खचायला लागतं. मागच्या माघात एका किनाऱ्यावर आम्ही कासविणीचा माग पाहिला. पाण्यातून सरळ वर आलेला, बंधाऱ्याला भिडलेला, दगडाकडेने वीसेक पावलं गेलेला आणि तसाच मागे वळलेला. अंडी न घालताच ती परत गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 पासून गावाने आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवं राखली, ती तिथे वर यायला मोकळी वाळू होती म्हणूनच. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. म्हणून वाळूला हात लावण्याआधी ग्रामपंचायत आणि वनखात्याशी बोलूनच काम होईल.

आपला बेत बंधाऱ्याऐवजी काठ्या-झावळ्यांच्या कुंपणाने वाळू अडवायचा आहे. अशा कुंपणाने काय होणार, असं विचारणाऱ्यांना बाल्टिक समुद्राकाठच्या कुरोनियन स्पिटची हकिकत सांगावीशी वाटते. लिथुआनिया आणि रशियात विभागलेली ही 98 किलोमीटरची वाळूची पट्टी. जंगल तोडल्यामुळे तिथली वाळू सुटली आणि गावंच्या गावं गाडली गेली. एकोणिसाव्या शतकात लोकांनी फांद्यांची कुंपणं घातली, गवत लावलं, झाडं लावली आणि वाळू थोपवली. आज दोन्ही देशांत ते राष्ट्रीय उद्यान आहे.

आपल्याकडे फांद्यांऐवजी झावळ्या आहेत. खिंडारात आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढी कुडं उभी करायची, पण सलग नाही. तुकड्या-तुकड्यांनी, तिरकी, मध्ये वाट सोडून, म्हणजे कासविणीला अडथळा होणार नाही. ही कुडं उन्हाळ्याच्या वाऱ्यात वाळू धरतील. पहिल्या पावसाबरोबर त्या वाळूत मर्यादवेलीचे फाटे लावू. शाळेतली मुलं ते आत्तापासून पिशव्यांत रुजवताहेत. सुरूचं झाड लावायचं नाही, हे ठरलं आहे. त्याच्या सावलीत आणि पातेऱ्यात वेल टिकत नाही. येण्याजाण्यासाठी एकच लाकडी पायवाट करू, टेकडीवरून, जमिनीपासून उचललेली. गाड्या देवळापाशीच थांबतील. हॉटेलवाल्या मंडळींनी हे मान्य केलं, त्यांचे मनापासून आभार.

आता मागणं. ज्यांच्या आगरात झावळ्या पडून आहेत त्यांनी त्या जाळू नका, आम्ही उचलून नेऊ. बांबू, काथ्याची दोरी आणि पायवाटेसाठी जुनं पण धड लाकूड हवं आहे. कुणाची मोडलेली होडी असेल तर तिच्या फळ्याही चालतील. किनाऱ्याकडे तोंड असलेले दिवे विणीच्या हंगामात झाका. कासवांची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर येतात. यात एक पैसाही खर्च नाही.

चाकरमान्यांनी वाडीनिहाय वर्गणी काढून पाठवावी, ही विनंती. रक्कम ज्याच्या त्याच्या ऐपतीची. प्रत्येकाला पावती मिळेल, आणि शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवू. गावी याल तेव्हा एक सकाळ टेकडीला दिलीत तर वर्गणीपेक्षाही तिचं मोल जास्त.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता देवळापाशी जमायचं आहे. येताना कोयता, घमेलं आणि पिण्याचं पाणी आणा. न्याहारीची सोय महिला मंडळाने केली आहे. ज्या काकींची विहीर बिघडली, त्यांनी भाकऱ्यांचं काम स्वतःहून मागून घेतलंय.

आपले,
किनाऱ्यावरचे ग्रामस्थ